टाचांच्या भेगांसाठी कोकमाचे मुठेल: दोन महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरच्या मध्यावर सावंतवाडीच्या बाजारात एका वृद्ध विक्रेतीकडून मी कोकमाची दोन मुठेले, म्हणजे कोकमाच्या बियांतल्या चरबीचे मुठीत वळलेले गोळे, घेतली. दोन्हींचे मिळून 180 रुपये झाले आणि वेष्टन म्हणून वर्तमानपत्राचा कागद मिळाला. तेव्हापासून पुण्याच्या कोरड्या थंडीत रोज रात्री टाचांना आणि अधूनमधून ओठांना मी तेच लावत आहे.

मुठेल हातात घेतले की प्रथम त्यावरचे बोटांचे ठसे दिसतात, कारण ते साच्यात घातलेले नसून मुठीत दाबून वळलेले असते. रंग पिवळसर पांढरा, वास जवळजवळ नाहीच. नखाने खरवडले तर मेणासारखा भुगा पडतो. आमसुलांसाठी साल काढून घेतल्यावर उरलेल्या बिया धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात आणि वर तरंगून आलेली चरबी काढून घेऊन ती निवत असतानाच वळतात. गोव्यात आणि तळकोकणात हे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे, आणि ज्या घरात आमसुले होतात त्या घरात बी वाया जात नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता ते काम कसे करते, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण बाजारात ‘त्वचेचे पोषण’ असे मोघम शब्द सर्रास वापरले जातात. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम, मृत पेशींचा असतो. त्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि सिरामाइड (त्वचेतलाच एक मेद), कोलेस्टेरॉल व मुक्त मेदाम्ले यांचे मिश्रण विटांमधली दर्ज, म्हणजे सांधा, भरून काढते. ही दर्ज शाबूत असेपर्यंत शरीरातले पाणी आत राहते आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ बाहेर राहतात. तळपायाला तेलग्रंथीच नसतात, शिवाय तिथली कातडी जाड आणि सतत भाराखाली असते. म्हणून हवा कोरडी झाली की पहिली भेग टाचेला पडते. कोकमाच्या चरबीत साधारण 55 ते 60 टक्के स्टिअरिक आम्ल आणि 35 ते 40 टक्के ओलेइक आम्ल ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे ग्लिसरीनला बांधलेल्या मेदाच्या, रूपात असते, आणि स्टिअरिकच्या या मोठ्या प्रमाणामुळे ती 38 ते 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. म्हणजे खोबरेल जिथे चटकन पसरून पुसले जाते, तिथे मुठेल त्वचेवर पुन्हा घट्ट होऊन पातळ पापुद्र्यासारखे बसते, बाष्पीभवन रोखते आणि कडक झालेल्या कडा मऊ ठेवते. ते सिरामाइडची जागा घेत नाही; त्वचा स्वतःची दर्ज भरत असताना वरून झाकण धरण्याचे काम ते करते.

हे ध्यानात न घेतल्यामुळे माझा पहिला आठवडा वाया गेला. कोरड्या टाचेवर मी जाड थर चोपडत होते, त्यामुळे फरशी निसरडी झाली आणि चादरीला डाग पडले, पण भेगा होत्या तशाच राहिल्या. नंतर पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, अर्धवट टिपून, ओलसर असतानाच लावायला सुरुवात केली. वाटाण्याएवढा तुकडा पळीत घालून मंद आचेवर वितळवायचा, सोसवेल इतका निवू द्यायचा, भेगेत सोडायचा आणि वर सुती मोजे घालायचे. तिसऱ्या आठवड्याअखेर चालताना होणारी ठणक थांबली, महिन्याभरात बारीक भेगा मिटल्या. उजव्या टाचेची एक जुनी, खोल भेग मात्र अजून पूर्ण भरलेली नाही.

तुलनेसाठी शहरातल्या एका दुकानातून ‘कोकम बटर’ असे ठळक छापलेले क्रीमही आणले होते. घटकांच्या यादीत कोकमाचे नाव सुगंधी द्रव्याच्याही नंतर, अगदी शेवटी होते, आणि भेगेवर लावताच चुरचुरले. संरक्षक थर आधीच फाटलेला असताना सुगंधी द्रव्य थेट आत पोहोचते, ही साधी बाब उत्पादकाने विचारात घ्यायला हवी होती. ते क्रीम मी दोन दिवसांत बंद केले.

मुठेल सगळ्यांसाठी आणि सगळीकडे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. मुक्त ओलेइक आम्ल त्वचेचा थर सैल करते, हे प्रयोगांत दिसले आहे. ओलेइक भरपूर असलेल्या ऑलिव्ह तेलाने थराची बळकटी घटली आणि लिनोलेइक (दुसरे एक मेदाम्ल) भरपूर असलेल्या सूर्यफूल तेलाने ती टिकली, असा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यामुळे इसब असलेल्या लहान मुलाच्या गालावर मी मुठेल लावणार नाही. चरबी जुनी होऊन खवट झाली की मुक्त आम्ले वाढतात, म्हणून घेताना वास घेऊन पाहावा आणि आंबूस वाटल्यास परत करावे. मधुमेह असेल किंवा भेगेतून रक्त येत असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवावा.

ओठांना ते थोडे जड वाटते. चमचाभर खोबरेलात वितळवून छोट्या डबीत ओतल्यावर ते सहज पसरू लागले. पहिले मुठेल अजून अर्धेही संपलेले नाही. दुसरे मी माझ्या आईला दिले आहे, आणि ती ते निखाऱ्याजवळ धरून टाचेला लावते, जसे तिची आजी लावत असे.