नवा कुत्रा घरी येताना: थेट भेट, जाळी की बंद दार?

घरात आधीपासून मांजर आहे, किंवा दुसरा कुत्रा आहे, आणि आता नवा कुत्रा यायचाय. त्यांना पहिल्याच दिवशी भेटवायचं, मध्ये जाळी ठेवून लांबून दाखवायचं, की काही दिवस एकमेकांच्या नजरेलाही पडू द्यायचं नाही? तिन्ही पद्धती चालतात, पण तिन्ही सगळीकडे चालत नाहीत. निवड करताना बहुतेक जण नव्या कुत्र्याचा स्वभाव बघतात. मला वाटतं, आधी बघायला हवं ते घरातल्या सगळ्यात भित्र्या प्राण्याकडे. वेग त्याच्या कलानं ठरला तर पुढचं निस्तरावं लागत नाही.

थेट भेट

घरात कुत्राच असेल, तर हीच पद्धत सगळ्यात सोयीची. फक्त भेट घरात नको. दारातच नव्याला समोर उभं केलं की जुना कुत्रा आपली जागा राखायला उभा राहतो. दोघांनाही ओळखीची नसलेली मोकळी जागा निवडा. दोन माणसं, दोन पट्टे, आणि दोन्ही कुत्रे एकाच दिशेनं, मध्ये भरपूर अंतर ठेवून चालवायचे. सुरुवातीला ते एकमेकांकडे बघतात, मग रस्त्यातले वास हुंगायला लागतात. असं झालं की अंतर थोडं कमी करायचं. नाकासमोर नाक आणून उभं करणं टाळा. कुत्र्यांच्या रीतीत सरळ समोरून येऊन रोखून बघणं हे आव्हान असतं. मोकळे सोडलेले कुत्रे एकमेकांकडे वळसा घेऊन, बाजूनंच येतात.

पट्टा सैल हवा. तो ताणला गेला की कुत्र्याचं अंगही ताठ होतं आणि तुमच्या हातातली काळजी थेट त्याच्यापर्यंत पोहोचते. दोघांनी हुंगलं की काही सेकंदांत हाक मारून पुढे निघायचं. पहिली ओळख लांबवू नये. घरी परतण्याआधी जुन्याची भांडी, खेळणी आणि अंथरूण उचलून ठेवलेलं असावं. बहुतेक भांडणं याच वस्तूंवरून होतात.

मांजर असलेल्या घरात मात्र थेट भेट मला अजिबात मान्य नाही. विशेषतः मांजराला कडेवर घेऊन ‘बघ, कोण आलंय’ म्हणत कुत्र्यापुढे धरणं. त्या क्षणी मांजराला पळायला वाट नसते, म्हणून ते नख्या काढतं. त्या धरणाऱ्याला लागतात किंवा कुत्र्याच्या डोळ्याला. अशी एक भेट बिघडली, तर ती भीती मोडायला पुढे कित्येक आठवडे जातात.

जाळीआडून

लहान मुलांसाठी लावतात तसं दाराच्या चौकटीतलं फाटक इथे कामी येतं. दोघं एकमेकांना बघू शकतात, आणि मांजराला हवं तेव्हा निघून जाता येतं. पहिल्या काही वेळा फाटक असलं तरी कुत्र्याला पट्टा असू द्या.

या पद्धतीत खरं काम बघण्याचं आहे. भुंकणारा कुत्रा सगळ्यांच्या लक्षात येतो. मला जास्त काळजी वाटते ती गप्प झालेल्या कुत्र्याची: तोंड मिटलेलं, कान पुढे, वजन पुढच्या पायांवर, नजर मांजरावर खिळलेली. हाक मारली तरी कानसुद्धा हलत नाही. हे सावजावर टपलेल्या शिकाऱ्याचं स्तब्ध होणं आहे. कुत्र्याला शांतपणे मागे न्यायचं आणि अंतर वाढवायचं. याउलट अंग सैल आहे, मांजराकडे बघून तो पुन्हा तुमच्याकडे बघतो, जमीन हुंगतो; तर नेमक्या त्याच क्षणी खाऊचा तुकडा द्या. मांजराकडे बघून मान वळवली की काहीतरी चांगलं मिळतं, एवढं त्याला कळलं की अर्धी लढाई जिंकली. पलीकडच्या मांजराचे कान चपटे झालेत, शेपूट फुललीय, तर अजून वेळ आहे. ते बसून पंजा चाटायला लागलं किंवा जेवलं, तर गाडी रुळावर आहे.

काही कुत्र्यांना मात्र अडथळाच सहन होत नाही. एरवी शांत असलेला कुत्रा फाटकापाशी नुसता थयथयाट करतो. त्याच्यासाठी फाटकावर चादर टाकून सुरुवात करावी, नाहीतर तिसऱ्या पद्धतीकडे वळावं.

बंद दार

सगळ्यात संथ, आणि मांजर असलेल्या घरासाठी माझी पहिली पसंती. खोलीत ठेवायचं ते नव्याला. मांजराला कोंडून कुत्र्याला घरभर फिरू दिलं, तर मांजराच्या दृष्टीनं त्याचं घरच गेलं.

ओळख आधी वासाची. मांजराच्या गालांवर गंधग्रंथी असतात. तिथून फिरवलेलं मऊ कापड कुत्र्याच्या अंथरुणाजवळ ठेवायचं आणि कुत्र्याच्या अंगावरचं कापड मांजराच्या बाजूला. मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवणाची भांडी, आधी लांब, रोज थोडी जवळ. मांजर दाराला लागून निवांत खातंय, तेव्हाच जाळीचा टप्पा सुरू करायचा. यात काही दिवस जातील किंवा काही आठवडे. नवा कुत्रा एकटेपणानं रडू नये म्हणून घरच्यांनी आळीपाळीनं त्याच्यासोबत बसावं लागतं, आणि हीच या पद्धतीची खरी किंमत आहे.

याच काळात पशुवैद्याकडची तपासणी, लसी, जंताचं औषध आणि पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त उरकून घ्या. इथे एक इशारा द्यायलाच हवा. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही गोचीडनाशक औषधांत परमेथ्रिन असतं, आणि मांजरासाठी ते विष आहे. औषध ओलं असताना मांजर कुत्र्याला घासलं तरी धोका होतो. घरात मांजर आहे, हे औषध घेण्याआधी सांगा.

पिल्लू की मोठा कुत्रा?

पिल्लाला नव्या गोष्टींची सवय लवकर लागते. साधारण ३ ते १४ आठवड्यांचं वय त्यासाठी सगळ्यात चांगलं. पण पिल्लाला नकार कळत नाही. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या किंवा वयस्क मांजराच्या अंगावर ते पुन्हा पुन्हा उड्या मारतं. आधी मांजरांसोबत राहिलेला शांत, मोठा कुत्रा अशा घरात पुष्कळदा जास्त बरा. कुत्रे दत्तक देणारे लोक ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा एक ठोकताळा सांगतात: आधी बावरणं, मग दिनक्रम कळणं, मग घर आपलंसं वाटणं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा गरीब स्वभाव पाहून सगळी दारं उघडू नका. तो गप्प आहे, कारण तो घाबरलेला आहे.

ससा, पक्षी किंवा हॅमस्टर असेल तर निवडीचा प्रश्नच नाही. कायम वेगळी खोली, बंद दार. सशाला कुत्रा चावायचीही गरज नसते. भीतीनं त्याचं खाणं थांबतं, आतडी मंदावतात आणि जिवावर बेततं. पक्ष्याला कुत्र्याच्या दाताचा ओरखडा जरी गेला, तरी लगेच पशुवैद्याकडे न्यायचं.

पद्धत कोणतीही घ्या, मांजराला चढून बसायला उंच जागा द्या, त्याच्या विष्ठेचा ट्रे कुत्र्याचं तोंड पोहोचणार नाही तिथे ठेवा, आणि जेवण वेगवेगळं द्या. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला ओरडू नका. तो आगाऊ सूचना देतोय; ती दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. मांजर दिवसभर काही खाल्ल्याशिवाय लपून राहिलं, तर ‘सरावेल हळूहळू’ म्हणून वाट बघू नका. उपाशी राहिल्यानं मांजराच्या यकृतावर फार लवकर परिणाम होतो. एक टप्पा मागे या, दार पुन्हा लावा आणि त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करा.