घराला कुलूप लावून लग्नाला निघताना: भारत गृह रक्षा की घरफोडी विमा?

भारत गृह रक्षा ही 1 एप्रिल 2021 पासूनची घरविम्याची प्रमाणित पॉलिसी, म्हणजे सगळ्या कंपन्यांकडे मूळ अटी सारख्याच. आग, वीज, वादळ, भूकंप आणि तापी-गिरणेचा पूर तिच्यात येतो. विमा रक्कम बांधकाम खर्चावर ठरते. जमिनीची किंमत धरू नका. उदाहरणार्थ, घर 80 चौरस मीटर, बांधकामाचा दर चौरस मीटरला 20,000 रुपये, म्हणजे विमा रक्कम 16 लाख. घरातल्या सामानाला त्याचे 20 टक्के, 3.20 लाख, आपोआप मिळतात (कमाल 10 लाख). जळगाव-धुळ्याकडचं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर अर्जात तसंच लिहा. लपवलेलं दाव्याच्या वेळी अंगाशी येतं.

पण चोरी? इथेच गफलत होते. पूर-आगीसारख्या घटनेमुळे, तीही त्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच ही पॉलिसी भरून देते. सोन्याला वेगळं संरक्षण जोडावं लागतं.

उन्हाळ्यात लग्नसराईला घर बंद राहणार असेल तर घरफोडी विमा हवाच. त्यात कुलूप-कडी तोडल्याच्या खुणा लागतात. घरच्याच माणसाने नेलेलं सहसा बसत नाही. घर किती दिवस बंद चालेल, ही अट आधी वाचा. चोरी झाल्यास काही हलवू नका. फोटो, एफआयआर, लगेच कंपनीला कळवणं.