एसीचा गॅस दरवर्षी ‘संपत’ नसतो

शिमग्याला मुंबईहून येऊन गावचं घर उघडलं, एसी लावला, तर थंडच होत नाही. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला गेज (दाब मोजायचं यंत्र) लावतो, खाली पडलेला काटा दाखवतो. ‘‘गॅस संपलाय. खाऱ्या हवेत वर्षाला संपतोच.’’ अडीच-तीन हजार जातात, मे महिना निभावतो आणि पुढच्या शिमग्याला पुन्हा तेच. दापोली-गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या बंद घरांत आणि होमस्टेंत अशी फसवणूक चालते.

यातलं अर्धं खरं असतं, म्हणून पटतं. खारा वारा कॉइल (गॅस फिरतो ती वळवलेली नळी) खातो, नळीला बारीक भोक पडतं, गॅस जातो. पण गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळीत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. मेकॅनिकला हे पक्कं ठाऊक असतं, पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईकही त्यातच असतं.

कधी तर गॅस पूर्ण असतो. एसी चालू असताना बाहेरच्या युनिटवरचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने (षटकोनी चावीने) बंद केला की गॅस बाहेरच्या युनिटमध्येच अडकतो आणि काटा खाली येतो. दाखवून झालं की व्हॉल्व्ह उघडायचा, सिलिंडर पाच मिनिटं लावून ठेवायचा, काटा वर! म्हणून गेज लावण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का, ते समोर उभं राहून बघावं. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरच्या वेगाबरोबर दाब बदलतो. नुसत्या काट्यावरून निदान होत नाही.

बोलावण्याआधी घरीच बघण्यासारखं बरंच आहे. फिल्टर धुवा. बाहेरच्या युनिटवर मीठ-धूळ बसली असेल तर मेन स्विच बंद करून गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीचं पाणी नको, आणि जोराचा फवाराही नको, कॉइलवरच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, वाकतात. मग 18 अंशांवर वीस मिनिटं चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक 8 ते 12 अंश असेल तर गॅसवर शंका घ्यायचं कारण नाही. दमट हवेत तो थोडा कमी दिसतो. बाहेरच्या बारीक नळीच्या जोडावर बर्फ धरत असेल किंवा फ्लेअर नटाभोवती (नळीचं पसरवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, आवळणारा नट) तेलकट डाग असेल, तर मात्र गळतीचा संशय खरा.

गळती असेल तर काम असं व्हायला हवं: उरलेला गॅस काढून घेणं, नायट्रोजन भरून दाब धरणं, प्रत्येक जोडाला आणि आतल्या कॉइललाही साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधणं. फ्लेअर फुटला असेल तर नवा मारणं, कॉइलला भोक असेल तर ब्रेझिंग (धातू वितळवून भोक बुजवणं). कॉइलच्या फिन हात लावताच चुरा होत असतील तर ठिगळ लावून उपयोग नाही, कॉइलच बदलावी लागते. मग नळीतली हवा आणि ओलावा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास, पंप बंद केल्यावर व्हॅक्यूम टिकतो का ते बघणं, आणि शेवटी वजन करून गॅस. किती ग्रॅम, ते युनिटच्या पाटीवरच लिहिलेलं असतं.

पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ढकलून देणं ही नव्या फिटिंगमधलीही आवडती पळवाट. नळीत राहिलेला ओलावा तेलाशी मिळून आम्ल बनवतो आणि कॉम्प्रेसर खातो. तो बिघडेपर्यंत फिटिंग कोणी केलं, ते कोणाच्या लक्षातही नसतं.

सिलिंडरवरचं गॅसचं नावही वाचा. आर-32 च्या मशीनमध्ये आर-22 चालत नाही. आर-410ए हे दोन गॅसांचं मिश्रण आहे, त्यात वरून थोडा टाकण्यापेक्षा पूर्ण काढून नव्याने वजनाने भरलेला बरा.

‘गंजू नये म्हणून कोटिंग’ असं सांगून बसलेल्या मिठावरच स्प्रे मारणारेही येतात. मीठ आतच राहतं, गंज चालू.

घरी फक्त राखणदार असेल तर त्याला एवढंच सांगून ठेवा: गॅस भरण्याआधी आणि नंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवलेला फोटो पाठव, आणि बिलावर ग्रॅम लिहून घे. हे मागितलं की काही जण ‘आज वजनकाटा आणला नाही’ म्हणून निघून जातात. जाऊ द्यावेत.