९ महिने कमरेला, त्या मानाने हातात कमीच

हे ४४ स्पेशलचं (जाड गोळीच्या एका जुन्या काडतुसाचं) छोटं रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा डोक्यात एकच हिशोब होता, हलकं असेल तर घरी राहणार नाही. आधीचं ४४ स्पेशलचंच, चार इंची नळीचं, स्टीलचं. नेमबाजीला एकदम झकास, पण वजन किलोच्या वर, पँट खाली ओढायचं, बसताना बरगडीत घुसायचं, शेवटी दोन महिन्यांत ते कपाटात आणि लायसन तेवढं पाकिटात अशी अवस्था झाली. हे नवीन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, अडीच इंची नळी, पाच गोळ्या, रिकामं साधारण ५७० ग्रॅम. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या जातीच्या सगळ्यांचीच दुखणी थोड्याफार फरकाने तीच असतात.

बाळगण्याच्या बाबतीत काही तक्रारच नाही. पट्ट्याला लावलं की अर्ध्या तासात विसरायला होतं, सैल शर्टखाली दिसत नाही, खाली वाकलं तरी टोचत नाही. सिलिंडर जाड आहे त्यामुळे खिशात मात्र फुगवटा येतो, ३८ वाल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसारखं ते खिशात गुडूप होत नाही. पहिले तीन आठवडे मी जाम खूश होतो, तोवर नीट झाडलं नव्हतं ना.

पहिल्यांदा रेंजवर ५० गोळ्यांचा बॉक्स नेला आणि विसाव्या गोळीला थांबलो. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात कातडं सोलल्यासारखं झालं, आणि संध्याकाळी घराच्या कुलपात चावी फिरवताना हात कळवळला. गणित सोपं आहे खरं तर, काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलं की मागे येणारी ऊर्जा दुप्पट होते, आणि मी वजन जवळजवळ निम्मंच केलं होतं! स्टीलचं रिव्हॉल्व्हर हाताला ढकलतं, हे थोबाडीत मारतं.

आणि खरं नुकसान हाताचं नव्हतंच. एका मित्राने मला न सांगता सिलिंडरच्या मधल्या एका भोकात झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ठेवली. मी चाप ओढला, नुसता टक आवाज आला, आणि नळी मात्र सरळ इंचभर खाली गेली, म्हणजे गोळी सुटायच्या आधीच मी घाबरून हात झुकवत होतो. त्या दिवसापर्यंत सगळ्या गोळ्या खाली-डावीकडे का जातात म्हणून मी साइटला शिव्या देत होतो. साइट म्हणजे तरी काय, फ्रेमवरची एक खाच आणि पुढे एक दाणा, दोन्हींत अंतर इतकं कमी की हात केसभर हलला तरी लांबवर वीतभर फरक पडतो.

मग हळूहळू सुधारलं. आधी मूठ बदलली. सोबत आलेली लाकडी मूठ दिसायला देखणी पण मागचा धातू उघडा, त्याजागी मागून पूर्ण झाकणारी रबरी लावली. रबराचा त्रास हा की शर्टाचं कापड त्याला चिकटून वर येतं आणि लपवलेलं दिसतं, पण हात शाबूत राहतो. दुसरं म्हणजे जड गोळी सोडून २०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), कमी दारू भरलेली काडतुसं घेतली. तिसरं, घरी डमी काडतुसं घालून रोज दहा वेळा सावकाश चाप ओढणं, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवून. घोडा आपोआप उठवणारा चाप चांगलाच जड असतो, त्याची सवय गोळ्या झाडून होत नाही, या रिकाम्या ओढण्यानेच होते. चौथ्या महिन्यात सात मीटरवर पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत यायला लागल्या. कुणी म्हणेल त्यात काय एवढं, स्वतः झाडून बघा.

आता एक गोष्ट जी मला घ्यायच्या आधी कुणीच सांगितली नव्हती. बंदूक इतकी हलकी असली की प्रत्येक धक्क्याला सिलिंडरमधली बाकीची काडतुसं झटक्यात मागे जातात आणि शिसं जागेवर राहायला बघतं, म्हणजे गोळी पुंगळीतून हळूहळू पुढे सरकते. माझी पाचवी गोळी इतकी पुढे आली की टोक सिलिंडरच्या बाहेर, फ्रेमला अडकलं आणि सिलिंडर फिरेचना. पिस्तूल अडकलं तर स्लाइड ओढून मोकळं करता येतं, इथे असलं काही नाही, बसा खटपट करत. गोळी जितकी जड आणि पुंगळीचं तोंड जितकं सैल तितका हा धोका जास्त, म्हणूनच काही हलक्या मॉडेलांच्या नळीवर २०० ग्रेनची मर्यादा कोरलेली असते. आता नवीन बॉक्स आणला की चार झाडतो, पाचवी काढून कॅलिपरने आधीच्या मापाशी ताडून बघतो, सरकली असेल तर तो माल बाळगायचा नाही.

बारीकसारीक: पुंगळ्या ढकलणारा दांडा आखूड, त्यामुळे नळी आकाशाकडे करून तळव्याने सणसणीत मारलं तरच पाचही पडतात, हळू दाबलं तर एखादी अर्धवट लटकते. बाजूचे स्क्रू दोनदा ढिले झाले, आता स्क्रूच्या आट्यांवर गोंद लावलाय. कपड्याचा भुसा घोड्यामागे जमतो, महिन्यातून एकदा ब्रश मारावाच लागतो. होल्स्टर चाप पूर्ण झाकणारंच हवं, याला वेगळी सेफ्टी नसते.

काडतुसाबद्दल थोडं. ४४ स्पेशल १९०७ च्या आसपासचं, खरा व्यास ०.४२९ इंच, ४४ हे नुसतं नाव. जुना माल २४६ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २३० मीटर वेगाने फेकतो, तेही लांब नळीतून. १९५५ साली पुंगळी लांबवून यातूनच ४४ मॅग्नम हे जास्त जोराचं काडतूस काढलं, आणि ४४ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते कुणी भरू नये म्हणूनच ती लांबी आहे. आखूड नळीत वेग आणखी घटतो, त्यामुळे पोकळ टोकाची गोळी फुलेलच याची मी खात्री धरत नाही, सपाट टोकाची घेतो, ती न फुलताच पुरेशी जाड आहे. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा, आतल्या रेंजवर मी इअरप्लग आणि वरून इअरमफ दोन्ही घालतो.

पहिलीच बंदूक म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. आधी कुणाकडून दहा गोळ्या झाडून बघा, मग ठरवा. आणि स्टीलचं विकून यातले पैसे भरून काढायचे ठरले होते, ते अजून कपाटातच आहे. रेंजवर जाताना दोन्ही नेतो, आधी तीस गोळ्या त्यातून, हात आणि मन ताळ्यावर आलं की मग यातून दहा, बस. बायको विचारते एक बाळगायला आणि एक चालवायला असं किती दिवस, तर सध्या तरी असंच चाललंय.