रेड डेड रिडेम्पशन २ (पीसी) : काही महिने खेळल्यावर, विकत घेण्याआधी काय तपासावं

जुन्या अमेरिकेतल्या दरोडेखोरांच्या या गेमबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘लई स्लो आहे’. तक्रार खरी आहे, पण ती अर्धवट आहे. या गेममध्ये दोन वेगळ्या गोष्टी संथ आहेत. एक म्हणजे कथेची सुरुवात. ती काही तासांत मागे पडते. दुसरी म्हणजे आर्थर मॉर्गनच्या, म्हणजे आपण ज्याला खेळवतो त्या नायकाच्या, हातापायांची चाल, आणि ती शेवटपर्यंत बदलत नाही. पहिलीचा कंटाळा येत असेल तर धीर धरा. दुसरीचा वैताग येत असेल तर पैसे घालवू नका.

आधी सुरुवातीबद्दल. कथेतलं साल १८९९. ब्लॅकवॉटर गावातला दरोडा फसल्यावर डच व्हॅन डर लिंडची टोळी (आर्थर तिच्यातलाच) बर्फात पळून आलेली असते आणि पहिलं प्रकरण कोल्टर नावाच्या ओसाड वस्तीभोवती घडतं. गुडघाभर बर्फात चालणं, घोड्यावरून लांबलांब गप्पा, धनुष्यबाण घेऊन हरणाची शिकार, मध्ये दोन-तीन गोळीबार आणि शेवटी आगगाडी लुटणं. नकाशावर मनाला येईल तिकडे फिरता येत नाही. रस्ता सोडला की मोहीम फसते. कटसीनसह (मधले सिनेमासारखे प्रसंग) सगळं नीट पाहिलं तर दोन ते तीन तास जातात. गेम खरा मोकळा होतो तो दुसऱ्या प्रकरणात, हॉर्सशू ओव्हरलुकला तळ पडल्यावर आणि व्हॅलेंटाइन गावात पाय ठेवल्यावर.

इथेच खरेदीची मेख आहे. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) पैसे परत मागायचे तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असावं लागतं. म्हणजे बर्फ संपायच्या आत ही मुदत संपते. त्यात रॉकस्टारच्या (गेम बनवणारी कंपनी) लाँचरमध्ये खातं उघडणं, ग्राफिक्स सेटिंग जुळवणं, गेममधलंच बेंचमार्क (पीसीच्या वेगाची चाचणी) चालवून बघणं, हा वेळही त्याच दोन तासांत मोजला जातो. ‘घेऊन बघू, नाही आवडला तर परत करू’ हा हिशोब या गेमला लागू पडत नाही. निर्णय आधीच घ्यावा लागतो.

तो ट्रेलरवरून घेऊ नका. ट्रेलरमध्ये फक्त गोळ्या दिसतात. समालोचन नसलेला, न कापलेला व्हिडिओ शोधा, तोही दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकरणाचा. पहिल्या प्रकरणाचा पाहिलात तर गेम आहे त्याहून बंदिस्त वाटेल. व्हिडिओत तीन गोष्टींकडे लक्ष द्या. घरात शिरल्यावर आर्थर एकेक कपाट, एकेक खण हाताने उघडून एकेक डबा उचलतो. मेलेल्या माणसाचे खिसे तपासायला खाली वाकतो. शिकार केली की कातडं सोलतो, गुंडाळतो, नेऊन घोड्यावर टाकतो. ही दृश्यं दहा-बारा वेळा सलग बघा. पुढे सरकवायला बोट शिवशिवलं तर हा गेम तुमच्यासाठी नाही. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा ठिकाणी गेमिंग कॅफेत किंवा मित्राकडे पुढच्या प्रकरणातला सेव्ह (जतन केलेला खेळ) उघडून अर्धा तास खेळायला मिळालं तर सगळ्यात उत्तम. मात्र घोडदौड नको, एक गोळीबार आणि एका घराची झडती, एवढंच करून बघा.

लढाईच्या वेगाबद्दल गैरसमज फार आहेत. गोळीबार संथ नाही, जड आहे. लिव्हरची रायफल किंवा सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर असेल तर गोळी सुटल्यावर ट्रिगर पुन्हा दाबून बंदूक चढवावी लागते आणि मग पुढची गोळी सुटते. हे माहीत नसलेला माणूस ‘बटण चालत नाही’ म्हणतो. डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरला हा जादा दाब लागत नाही, फरक पहिल्याच चकमकीत कळतो. डेड आय, म्हणजे वेळ मंद करून नेम धरणं, सुरुवातीला अपुरं वाटतं, कारण तेव्हा शत्रूंवर खुणा गेम स्वतःच करतो. दुसऱ्या प्रकरणात पुढे गेल्यावर खुणा आपल्या मर्जीने करता येतात आणि लढाईची चव तिथून लागते.

हात जड वाटत असतील तर आधी सेटिंग बदला. कंट्रोलरवर नेम आणि कॅमेऱ्याचं ॲक्सिलरेशन वाढवा, डेड झोन (दांडी किती हलवल्यावर गेम दाद देतो ते अंतर) कमीत कमी करा. लॉक-ऑन, म्हणजे नेम आपोआप शत्रूवर चिकटणं, मुळात चालू असतो. तो बंद करून फ्री एम घेतला की नेम आपल्या हातात येतो, लढाई अवघड होते पण जिवंत वाटते. पळण्यासाठी बटण सारखं बडवावं लागू नये म्हणून टॉगलचा (एकदा दाबलं की चालू) पर्याय निवडा. पीएस४ वर हा गेम सेकंदाला ३० फ्रेमने (चित्रांनी) चालतो, पीसीवर ६० मिळाले की तोच आर्थर हलका वाटतो.

न सुधारणाऱ्या खोडी दोन. घोड्यावरून उतरताना लांब बंदूक खोगिरातच राहते, त्यामुळे उतरण्याआधी वेपन व्हील (हत्यार निवडायचं चक्र) उघडून रायफल खांद्यावर घ्यायची सवय लावा, नाहीतर ऐन गोळीबारात हातात नुसतं रिव्हॉल्व्हर असतं. दुसरी जास्त त्रासाची: हात रिकामा असताना ज्या बटणाने माणसाशी बोलायचं, हातात बंदूक असताना त्याच बटणाने ती रोखली जाते. व्हॅलेंटाइनमध्ये रामराम घालायला गेलात आणि दुकानदारावर पिस्तूल ताणलं, की शेरीफ मागे लागलाच. गावात शिरताना हत्यार म्यान करा.

लांबच्या घोडदौडीला उपाय आहे. नकाशावर खूण करा, सिनेमॅटिक कॅमेरा लावा, घोडा रस्त्याने आपोआप जातो. तळावर आधी डचचा आणि मग आर्थरचा तंबू सुधारला की तिथल्या नकाशावरून थेट प्रवास मिळतो. पण दर वेळी तो वापरू नका. घोड्याची चाल, अंग झटकणं, चिखलात पाय घसरणं इतकं बारकाईने केलंय की माळेगावच्या जत्रेत घोडे पारखणारा माणूसही बघत राहील.

आता आपल्याकडच्या अडचणी. गेम १५० जीबी जागा मागतो आणि डाउनलोड १२० जीबीच्या आसपास आहे. ४० एमबीपीएसच्या लाइनवर सलग पावणेसात तास धरा. मोहीम चालू असताना सेव्ह करता येत नाही. चेकपॉइंट (मोहिमेतले मधले टप्पे) फक्त मेल्यावर कामाला येतात. मध्येच लाइट गेली की मोहीम पहिल्यापासून. यूपीएस पाच-दहा मिनिटंच देतो, त्यात मोहीम संपत नाही. भारनियमनाची वेळ ठरलेली असेल तर त्या आधीच्या तासात मोहीम सुरू करू नका, शिकार, मासेमारी करा आणि हाताने सेव्ह करत राहा.

एप्रिल-मे मध्ये खोलीच ४० अंशांवर गेली की लॅपटॉप तापून वेग स्वतःच कमी करतो आणि नेम अडखळतो. लढाई संथ वाटण्याचं हेही एक कारण असतं. फ्रेम ४०-४५ वर बांधा, ग्राफिक्स सेटिंगमध्ये एमएसएए (कडा गुळगुळीत करणारं) बंद, वॉटर फिजिक्स आणि व्हॉल्युमेट्रिक लायटिंग खाली. टेक्स्चर मात्र अल्ट्राच ठेवा, जीटीएक्स १०६० चं ६ जीबी कार्ड ते पेलतं. अडखळत असेल तर व्हल्कन आणि डीएक्स १२ (गेमचं चित्र काढण्याच्या दोन पद्धती, सेटिंगमध्ये मिळतात) यांत अदलाबदल करून पाहा. मराठी किंवा हिंदी सबटायटल नाहीत आणि बोली जुन्या अमेरिकन ढंगाची आहे, म्हणून इंग्रजी सबटायटल चालूच ठेवा.

आणि सहावं प्रकरण संपलं की जागा मोकळी करायची घाई करू नका. त्यानंतर दोन भागांचा उपसंहार आहे आणि तो पुन्हा सुरुवातीसारखाच संथ: शेण उचलणं, गाय पिळणं, कुंपण घालणं. बरेच जण तिथेच सोडून देतात. गोळीबार त्यातही आहे, पण थोडी वाट बघावी लागते, आणि कथेचा खरा शेवट उपसंहाराच्या शेवटीच आहे.