रंकाळ्याकाठचा हौशी फुटबॉल क्लब : एका पालकाचा अभिप्राय

पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ असलेल्या कोल्हापूरला हा खेळ नवा नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. तरीही माझा मुलगा ज्या छोट्या हौशी क्लबात शिकतो, तो मला वेगळा वाटतो, कारण तेथे खेळाइतकीच रंकाळा तलावाचीही काळजी घेतली जाते.

रविवारी सराव संपला की मुले हातमोजे चढवून रंकाळ्याच्या काठावरचा कचरा उचलतात, प्लास्टिक आणि निर्माल्य वेगवेगळ्या पोत्यांत भरतात. आणि जलपर्णी का माजते, हेही प्रशिक्षक तिथेच समजावून सांगतात. सांडपाण्यातून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे खाद्य असून, तिचा दाट थर पसरला की खालच्या पाण्यात ना पुरेसे ऊन पोहोचते ना प्राणवायू. पुस्तकातून हे माझ्या मुलाच्या डोक्यात इतके पक्के बसले नसते.

सामन्यांना बाटलीबंद पाणी नसते. स्टीलचा पिंप आणि प्रत्येकाचा स्वतःचा पेला असतो. लहान झालेले बूट दुरुस्त करून पुढच्या मुलाला दिले जातात, आणि आम्हाला मिळालेल्या जोडीच्या सोलची शिवण नव्या बुटालाही लाजवील अशी होती.

गोलरक्षकांकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि पावसाळ्यात सराव रद्द झाल्याचा निरोप फार उशिरा येतो. लांबून येणाऱ्या पालकांसाठी ही गैरसोय क्लबाने दूर करायलाच हवी. शुल्क माफक आहे. धाकट्या मुलीचे नावही मी पुढच्या हंगामासाठी येथेच नोंदवले आहे.