क्लाउडवर प्रवेश: वॉलेट की एसएसओ?

दोन्ही पद्धती टीमसाठी वापरून झाल्यात, म्हणून लिहितोय. वॉलेट म्हणजे प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) सांभाळणारं क्रिप्टो ॲप; त्या किल्लीने केलेली डिजिटल सही हेच लॉगिन. एसएसओ म्हणजे सगळ्या सेवांसाठी टीमचं एकच लॉगिन.

सुरुवातीला वॉलेटच बाजी मारतं. ईमेल नको, पासवर्ड नको. वॉलेटचा पत्ता यादीत टाकला की माणूस आत. मेटामास्कसारख्या वॉलेटची खिडकी उघडते, त्यात साइटचं डोमेन, तुमचा पत्ता, एकदाच चालणारा कोड (नॉन्स) आणि वेळ दिसते. सही केली की झालं. ब्लॉकचेनवर काही जात नाही, त्यामुळे गॅस (तिथल्या व्यवहाराची फी) हीही नाही. ईआयपी-४३६१ या इथेरियमच्या मानकाने या मजकुराचा साचा ठरवून दिलाय, त्यामुळे डोमेन जुळलं नाही तर वॉलेटला इशारा देता येतो. (तो मजकूर वाचतं कोण, हे विचारू नका.) एसएसओ उभारायचं म्हणजे मात्र आयडेंटिटी प्रोव्हायडर (ओळख तपासणारी सेवा), ग्रुप, रोल, पॉलिसी असं सगळं लचांड.

पण सहीतून कळतं ते एवढंच, की प्रायव्हेट की या माणसाकडे आहे. मशीन कोणी बंद करायचं आणि लॉग नुसते कोणी बघायचे, हे प्लॅटफॉर्मला वेगळं लिहून ठेवावंच लागतं. म्हणजे रोल आणि पॉलिसी इथेही सुटत नाहीत.

माझं मत फिरलं ते रात्रीच्या डिप्लॉयमेंटमुळे. नवा कोड आपोआप सर्व्हरवर चढवणारी पाइपलाइन चालते तेव्हा पॉपअपवर क्लिक करायला कोणी बसलेलं नसतं. मग तिच्यासाठी वेगळं वॉलेट काढा, त्याची प्रायव्हेट की सीक्रेट्समध्ये (पाइपलाइनच्या गुप्त साठ्यात) ठेवा. ही की कधी एक्स्पायर होत नाही, आणि पासवर्डसारखी बदलताही येत नाही. की बदलली की पत्ताच बदलला! मग नवा पत्ता प्रत्येक प्रोजेक्टच्या यादीत घाला, जुना काढा, जुन्या पत्त्याच्या मालकीचं जे काही असेल ते हलवा. सीक्रेट्स पाहू शकणारं कोणी टीम सोडून गेलं की पुन्हा तोच सोहळा. मला याचा अक्षरशः वीट आला.

दुसरीकडे, एसएसओच्या बाजूला, गिटहब ॲक्शन्स (गिटहबची पाइपलाइन) ओआयडीसी टोकन, म्हणजे स्वतःच्या ओळखीचा सही केलेला दाखला दाखवतं. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडची एसटीएस ही सेवा तो तपासून तात्पुरती क्रेडेन्शियल्स (प्रवेशाच्या किल्ल्या) देते. मुद्दाम बदललं नाही तर तासाभराची. जपून ठेवायला काही उरतच नाही. कोणी गेलं तर एसएसओमधलं एक खातं बंद केलं की पुरतं. फक्त चालू सेशन मुदत संपेपर्यंत रेंगाळू शकतात.

तुमची गरज वेगळी असू शकते. काम करणारे टोपणनावाने येत असतील, किंवा अकॅशसारख्या विकेंद्रित क्लाउडवर पैसे आणि डिप्लॉयमेंट दोन्ही वॉलेटच्याच नावावर असेल, तर वॉलेटला पर्याय नाही. इथेरियमवाल्या प्लॅटफॉर्मवर असाल तर निदान मालकी एकट्याच्या वॉलेटकडे ठेवू नका. सेफसारखं तिघांपैकी दोघांच्या सहीने चालणारं वॉलेट (मल्टिसिग) बरं. मात्र प्लॅटफॉर्म ईआरसी-१२७१ (अशा वॉलेटची सही तपासायचं मानक) मानतो का, हे आधी विचारून घ्या. असं मल्टिसिग म्हणजे कॉन्ट्रॅक्ट वॉलेट, ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम; त्याला स्वतःची प्रायव्हेट की नसते, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने सही तपासणारं लॉगिन त्याला दारातच अडवतं.